रोजच्या वीस मिनिटांची बाग

बागेत मन रमेल म्हणून सुरुवात केलेली बाग पुष्कळदा तिसऱ्या महिन्यात ओझं होऊन बसते. कारण बहुधा एकच असतं: हाताशी असलेल्या वेळेपेक्षा कुंड्या जास्त होतात. हौसेने वीस कुंड्या येतात, दोन आठवडे कोडकौतुक होतं, मग कामाचा एखादा जड आठवडा येतो आणि सुकलेल्या रोपांकडे बघवत नाही. विसाव्यासाठी केलेली जागाच टोचायला लागते. म्हणून इथे बागेचं माप मिनिटांत धरलं आहे: रोज वीस मिनिटं आणि आठवड्यातून एकदा तासभर. तेवढ्यात नीट सांभाळून होईल तेवढीच बाग कशी लावायची आणि दिवसाचं कामही त्याच हिशोबाने कसं आवरायचं, ते क्रमाने देत आहोत.

आधी सात दिवस नुसतं बसा

काहीही विकत आणण्याआधी जागा ठरवा. गच्ची, बाल्कनी, खिडकीची कड, अंगणाचा कोपरा, काहीही चालेल. तिथे सात दिवस रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं बसा. सातपैकी पाच दिवस जमलं तर वेळ बरोबर निवडली आहे. तीनच दिवस जमलं तर वेळ चुकली. झाडं आल्यावर आपोआप जमेल, अशी समजूत करून घेऊ नका, तसं होत नाही. सकाळची वेळ बदलून संध्याकाळची करा आणि पुन्हा सात दिवस बघा. ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत आणि पुढे बाग सोडणाऱ्यांत त्यांचाच भरणा जास्त असतो.

बसल्या बसल्या ऊन मोजा. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी खडूने सावलीची कड जमिनीवर आखा आणि बाजूला वेळ लिहा. थेट ऊन सहा तास किंवा जास्त असेल तर फळभाज्या आणि फुलं येतील. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या. त्याहून कमी असेल तर पानांसाठी लावायची झाडंच बरी. नवख्यांची फसगत इथे होते, कारण जागा उजळ दिसली की ती उन्हाची वाटते. एक सोपी परीक्षा आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड धारदार दिसली तर ऊन थेट आहे, पुसट दिसली तर तो नुसता उजेड. सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, म्हणून ही आखणी दर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते.

आणखी दोन गोष्टी याच आठवड्यात पाहून घ्या. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून बाल्कनीत जड कुंड्या घराच्या भिंतीला लागून ठेवायच्या, कठड्यावर कधीच नाही. आणि नळ किती लांब आहे ते पावलांनी मोजा. पाणी दुसऱ्या खोलीतून आणायचं असेल तर आठवड्याभरात कंटाळा येतो. झाकणाची एक बादली रात्रीच भरून बागेत ठेवली की हा प्रश्न सुटतो.

पाच कुंड्या, सहावी नको

पहिले तीन महिने पाचच. सहावी कोणी भेट दिली तर आनंदाने घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. या पाच कुंड्या वेगवेगळ्या चालीने वाढणाऱ्या असाव्यात, म्हणजे एकीत काही घडत नसेल तेव्हा दुसरीत घडत असतं.

पहिली मेथीची. साधारण पंधरा सेंटिमीटर खोल पसरट ट्रे पुरतो. तीन ते पाच दिवसांत उगवते, तीनेक आठवड्यांत काढायला येते. धीर धरता येत नाही अशांसाठी हिच्यासारखं दुसरं काही नाही. दुसरी पुदिन्याची, बियांच्या भानगडीत न पडता काडीपासून लावायची. बोटभर लांबीच्या काडीची खालची पानं काढा, निदान दोन पेरं पाण्यात राहतील अशी ग्लासात ठेवा आणि पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. पुदिन्याला स्वतंत्र कुंडी हवी, कारण तो धुमारे सोडत शेजाऱ्याची जागा बळकावतो. तिसरी टोमॅटोची, किमान बारा इंची. ही सावकाशीची कुंडी. रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला दोन ते अडीच महिने लागतात. चौथी झेंडूची, आठ इंची पुरे. बी टाकल्यापासून दोनेक महिन्यांत फुलतो आणि सुकलेली फुलं खुडत राहिलं की फुलतच राहतो.

पाचवी कोरफडीची. हिला दहा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिलं तरी पुरतं. कामाचा सर्वांत वाईट आठवडा गेल्यावर बागेत आलात तर निदान एक कुंडी तुमची वाट बघत हिरवीगार उभी असते. नवख्याला पुन्हा हात घालायला तेवढं निमित्त लागतं.

ऊन कमी असेल तर टोमॅटोच्या जागी पालक आणि झेंडूच्या जागी मनी प्लँट घ्या, बाकी तसंच. अवजारं चार: बारीक छिद्रांच्या तोंडाची पाच लिटरची झारी, खुरपं, कात्री आणि हातमोजे. ठिबकचे संच, माती तपासायची यंत्रं, फवारणीचे पंप हे सगळं पाच कुंड्यांसाठी म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

माती वाफशावर हवी

शेतकऱ्यांकडे एक नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रान ओलं असतं पण चिखल नसतो. माती मुठीत धरली तर ढेकूळ होतं आणि बोटाने टोचलं की फुटतं. अशा वेळी मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी असतं आणि थोडी हवाही असते. मुळांना दोन्ही लागतं, कारण मुळंही श्वास घेतात. कुंडीतल्या बागेचं निम्मं कौशल्य वाफसा टिकवण्यात आहे. शेतात जादा पाणी खाली खोल निघून जातं, कुंडीत त्याला जायला जागा थोडी. म्हणून नुसती अंगणातली माती कुंडीत भरली की ती चार पाण्यांत विटेसारखी घट्ट बसते.

पाच कुंड्यांना मिळून पन्नास लिटरच्या आत मिश्रण लागतं. पाच लिटरचा रिकामा डबा माप म्हणून घ्या. चार मापं चाळलेली माती, तीन मापं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि तीन मापं भिजवून फुलवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. एक किलोची कोकोपीटची वीट चार-पाच लिटर पाण्यात भिजली की साधारण पंधरा लिटर होते, म्हणजे बरोबर तीन मापं. कोकोपीटमध्ये कधी कधी क्षार असतात. फुलल्यावर दोनदा धुऊन, पिळून घ्या. माती चिकण असेल तर एक माप मातीच्या जागी जाडसर वाळू घाला. कोरफडीच्या कुंडीत कोकोपीट घालूच नका, त्याऐवजी वाळू.

खत कुजलंय की नाही हे नाकाने ओळखायचं. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येत असेल तर तयार आहे. अमोनियाचा झणझणीत किंवा शेणाचा उग्र वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत कुजताना तापतं आणि कोवळी मुळं भाजतात. नवं रोप आठवड्यात कडेने करपलं तर बहुधा हेच झालेलं असतं.

मिश्रण करताना ते आधी थोडं ओलं करा, नाकाला मास्क लावा. कोरड्या खताची धूळ फुप्फुसांना चांगली नाही आणि तिच्यात अपायकारक जिवाणूही असू शकतात. हातावर जखम असेल तर हातमोजे घाला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, तेव्हा शेवटची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून पुढचा डोस घ्या.

आता तळाच्या छिद्रांचं. एक-एक सेंटिमीटरची चार-पाच छिद्रं हवीत. त्यांवर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवा आणि थेट मिश्रण भरा. तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे. बारीक कणांची माती खालच्या मोठ्या खड्यांत पाणी सहजी सोडत नाही. ती स्वतः पूर्ण भिजेपर्यंत पाणी धरून ठेवते. म्हणजे खडीचा थर घातला की ओलीचिंब माती उलट वर, मुळांच्या जवळ येते, आणि मातीची खोली कमी होते ती वेगळीच. वर तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी घालताना माती वाहून जाते. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे छिद्रं जमिनीवर बसून बुजत नाहीत.

पेरणी

बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरायचं, यापेक्षा जास्त लक्षात ठेवायला नको. मेथी सात-आठ तास भिजवून पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती. झेंडूचं बी नुसतं झाकलं जाईल एवढीच माती टाका. टोमॅटोचं बी सुरुवातीला टाळा आणि चार ते सहा पानांचं, बुटकं, जाड खोडाचं रोप आणा. उंच, लवचीक, फूल आलेलं रोप घेऊ नका, ते लहान पिशवीत कोंडलेलं असतं. टोमॅटो लावताना खालची पानं खुडून खोडाचा तळचा तिसरा हिस्सा मातीत पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. लावणी संध्याकाळी करा. दिवसभर उन्हात लावलेलं रोप मुळं रुजायच्या आधीच पाणी हरवून बसतं. काठी त्याच दिवशी रोवा, कारण महिन्याने रोवली तर मुळं तुटतात.

पाणी

कुंडीतली झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. अति तिथे माती, इथे तर अक्षरशः. आणि याचं कारण माळ्याच्या मनात असतं. बागेत आलं की काहीतरी करावंसं वाटतं, आणि पाणी घालण्याइतकं सोपं दुसरं काही नसतं.

म्हणून ‘रोज पाणी’ हा नियम सोडा आणि ‘रोज तपासणी’ हा धरा. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. बोटाला ओल लागली, कण चिकटले, तर पाणी नको. कोरडं लागलं तर द्या. आठवडाभर असं केल्यावर दुसरी पद्धत शिका. पाणी दिल्यावर लगेच कुंडी एका बाजूने किंचित उचलून पाहा आणि दोन दिवसांनी पुन्हा उचला. वजनातला फरक हाताला कळायला लागला की बोट मळवावं लागत नाही.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. झारीने सावकाश, खालच्या छिद्रांतून पाणी झिरपेपर्यंत. रोज कपभर शिंपडलं तर वरचा थरच भिजतो, मुळं वरच राहतात आणि एका कडक उन्हात रोप माना टाकतं. बारा इंची कुंडीतल्या भरात आलेल्या टोमॅटोला उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटरपर्यंत पाणी लागू शकतं, तर नव्या रोपाला अर्धा लिटरही जास्त होतं. थाळीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका, त्यात मुळं गुदमरतात आणि डासही होतात. वेळ सकाळची उत्तम, कारण पानं दिवसात वाळतात. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

नवख्याला सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे माना टाकलेलं रोप. दुपारी दोनला पानं लोंबली आणि संध्याकाळी उभी राहिली, तर काही करू नका. उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत, एवढंच. सकाळीही पानं लोंबलेली आणि माती कोरडी असेल तर तहान आहे. सकाळी लोंबलेली, माती ओली आणि खालची पानं पिवळी, तर मुळं कुजू लागली आहेत, आणि अशा वेळी घाबरून घातलेलं आणखी एक तांब्या पाणी रोपाचा शेवट करतं. पाणी थांबवा, कुंडी सावलीत पण हवेशीर ठेवा, वरची माती काडीने हलकी मोकळी करा.

कधी पाणी घालताच ते झरझर खालून निघून जातं आणि तुम्हाला वाटतं की भरपूर झालं. कोकोपीटचं मिश्रण पूर्ण वाळलं की आकसतं, कुंडीच्या भिंतीशी फट पडते आणि पाणी त्या फटीतून पळतं. आत माती कोरडीठाक असते. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास निम्मी बुडवून ठेवा, खालून पाणी चढू द्या. पुढे असं होऊ नये म्हणून मातीवर पाच सेंटिमीटर वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला, मात्र खोडाभोवती तीन-चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड दमट राहून कुजतं.

रोजची फेरी

वीस मिनिटं अशी वापरा. पहिली पाच-सात मिनिटं हात रिकामे. झारी नको, कात्री नको, फोन तर नकोच. पाचही कुंड्यांपाशी जाऊन तीन ठिकाणं बघायची: शेंडा, पानांची खालची बाजू आणि माती. कीड पहिल्यांदा कोवळ्या शेंड्यावर आणि पानाखाली दिसते, वरून बघणाऱ्याला ती आठवडाभर उशिरा कळते. नंतर लागेल त्या कुंडीला पाणी. उरलेल्या वेळात एकच छोटं काम: झेंडूची सुकलेली फुलं खुडणं किंवा टोमॅटोची फांदी बांधणं. दुसरं काम दिसलं तर ते उद्यासाठी लिहून ठेवा. सुरुवातीला घड्याळ लावा आणि ते वाजलं की खरोखर थांबा. हे कृत्रिम वाटेल, पण मन रमलं म्हणून सोमवारी दोन तास राबणारा माणूस गुरुवारी बागेकडे फिरकत नाही, आणि झाडांना सोमवारचे दोन तास नको असतात.

फेरी एखाद्या पक्क्या सवयीला जोडा. ‘सकाळी कधीतरी’ असं ठरवू नका, ‘दात घासून झाले की थेट बागेत’ असं ठरवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. नवी सवय अंगवळणी पडायला त्यात मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते वगैरे ऐकीव गोष्टींवर स्वतःला मोजू नका. चुकलेल्या दिवसाची भरपाईही करू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीचीच वीस मिनिटं.

आठवड्याच्या तासात माती हलवणं, टोमॅटोच्या बगलेतले फुटवे काढणं, कात्री पुसून घेणं आणि महिन्यातून एकदा प्रत्येक मोठ्या कुंडीला दोन मुठी गांडूळखत देणं एवढं येतं. कोरफडीला खत नको.

कामाच्या दिवसालाही कुंपण

बाग आणि नोकरी-धंदा यांत एक मोठा फरक आहे. बागेत काम संपलेलं दिसतं, खुडलेली फुलं मुठीत असतात. कचेरीतलं, दुकानातलं किंवा घरातलं काम संपल्यासारखं वाटतच नाही, कारण ‘संपलं’ म्हणजे काय हे कुणी ठरवलेलं नसतं. ते सकाळी तुम्ही ठरवायचं. एका कागदावर एक मुख्य काम आणि दोन लहान कामं लिहा. वाक्य असं हवं की तिसऱ्या माणसाने वाचून ते झालं की नाही हे सांगता यावं. ‘अहवालाचं बघणे’ हे काम होत नाही. ‘अहवालाची पहिली चार पानं लिहून साहेबांना पाठवणे’ हे काम आहे. ‘बागेचं बघायचं’ आणि ‘झेंडूची सुकलेली फुलं खुडायची’ यांत जो फरक आहे तोच हा.

नवखे आठ-नऊ कामं लिहितात. रात्री त्यांतली पाच झालेली असतात आणि तरी दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. यादी लांबते तशी मनाची टोचणी वाढते. तिन्ही कामं दुपारीच झाली तर पुढचं खुशाल करा, फक्त ते यादीत जोडू नका. आणि तिन्ही सलग तीन दिवस राहिली तर आळसाला दोष देण्याआधी मुख्य काम अर्ध्यावर आणा, ते मोठं असणार.

काम थांबवताना पाच मिनिटं राखा. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामापुढे उद्याची पहिली कृती लिहा: ‘अमक्याला फोन’, ‘तिसरा तक्ता पूर्ण’. ते कागदावर उतरलं की डोक्यात घोळणं कमी होतं. मग बाग संध्याकाळची असेल तर सरळ बागेत जा, मधे खुर्चीत बसू नका आणि फोन हातात घेऊ नका, कारण एकदा बसलं की उठणं होत नाही. नेदरलँड्समध्ये केलेल्या आणि २०११ साली छापून आलेल्या एका प्रयोगात ताण देणारं काम करून घेतल्यावर काहींना अर्धा तास बागकाम आणि काहींना घरात वाचन दिलं. ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसोलचं प्रमाण दोन्हीकडे उतरलं, बागेत ते जास्त उतरलं. तो गट लहान होता आणि सगळे आधीपासूनच बाग करणारे होते, हे ध्यानात ठेवा. पहिल्याच आठवड्यात पी हळद हो गोरी असं काही घडणार नाही. सुरुवातीला तर पिवळ्या पानांची काळजीच जास्त वाटते.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. बाग थकवा उतरवते, आजार बरा करत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. कुंड्या नंतर बघता येतील.

दुसऱ्यांच्या बागांचे फोटो पाहणं पहिले तीन महिने टाळलेलं बरं. फोटोत फुललेला दिवस असतो, मर लागलेला नसतो.

बिघडतं ते काय

शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे आणि पानावर चिकटपणा असेल तर तो मावा. पहिल्या दिवशी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, दोन-तीन दिवस सलग. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. न भागल्यास एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण खूप हलवून घ्या, आधी एका पानावर फवारून दिवसभर थांबा, पान करपलं नाही तर संध्याकाळी पूर्ण रोपावर मारा. उन्हात मारलं तर पानं भाजतात, फुलांवर मारलं तर मधमाश्यांना त्रास होतो. आठवड्याने पुन्हा एकदा. मुंग्यांची रांग रोपावर चढताना दिसली तर मावा आहेच असं समजून शोधा, त्या गोड स्रावासाठी येतात.

पानावर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळी असेल तर ती कोळी नावाची कीड. तो कोरड्या, गरम हवेत वाढतो. पानांच्या खालून पाणी फवारत राहिलं की आटोक्यात येतो.

उगवलेली मेथी एका रात्रीत बुडाशी बारीक होऊन आडवी पडली तर ती बुरशीने आलेली मर आहे. ती रोपं वाचत नाहीत. उपटून टाका, पाणी कमी करा, पुढच्या वेळी विरळ पेरा.

टोमॅटोला पानंच पानं आणि फूल नाही, तर नत्र जास्त झालं आहे किंवा ऊन कमी आहे, तेव्हा खत महिनाभर थांबवा. फुलं येऊन गळत असतील तर हवा बघा. पस्तीस अंशांवर पारा गेला की परागीभवन नीट होत नाही. हवा बरी असूनही फळ धरत नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठावर बोटाने हलकी टिचकी मारा, पराग आतल्या आत झडतो. फळाच्या बुडाला काळा, बसका डाग पडला तर तो रोग नसतो. पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. पाणी नियमित केलं की पुढची फळं चांगली येतात, डाग पडलेली काढून टाका.

आणि एखादं रोप सगळं नीट करूनही मरतं. मुळं धुऊन बघा: तपकिरी, बुळबुळीत असतील तर पाणी जास्त झालं, पांढरी पण तळाशी गच्च वेटोळी असतील तर कुंडी लहान पडली. सरळ उत्तर मिळतं आणि हळहळ कमी होते. रोगट नसेल तर ती माती एक तृतीयांश नवं खत घालून पुन्हा वापरा, पण त्यात लागोपाठ टोमॅटो, मिरची किंवा वांगं लावू नका. ती एकाच कुळातली आहेत आणि एकमेकांचे रोग वाटून घेतात.

वही

फेरी संपली की तीन ओळी: काय पाहिलं, काय केलं, उद्या काय. ‘झेंडूला पहिली कळी. टोमॅटो बांधला. मेथीला पाणी नको.’ एवढंच. भावना लिहायची सक्ती नाही. दर रविवारी मागची पानं चाळा. बदल रोज डोळ्यांसमोर असला की दिसत नाही. वीस दिवसांपूर्वी ज्या रोपाला चार पानं होती त्याला आता काठी अपुरी पडते आहे, हे वहीतच कळतं. चुकाही वहीच दाखवते, उदाहरणार्थ पिवळी पानं नेहमी सुट्टीच्या दिवसानंतरच येतात, कारण त्या दिवशी घरातल्या दोघांनी पाणी घातलेलं असतं.

घर बंद ठेवायचं असेल तर

तीन-चार दिवसांसाठी कुंड्या पोटभर पाणी देऊन, आच्छादन घालून, सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवल्या की पुरे. आठवड्यासाठी सुती दोरीची वात करा. एक टोक कुंडीपेक्षा उंच ठेवलेल्या बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार बोटं खोल. दोरी आधी भिजवून घ्या, कोरडी दोरी पाणी ओढत नाही, आणि जाण्याआधी दोन दिवस चालवून बघा. शेजाऱ्यांवर सोपवणार असाल तर ‘पाणी घाला’ एवढंच सांगू नका, ते प्रेमापोटी रोज घालतील. चिठ्ठी लावा: ‘बोट घालून बघा, कोरडं असेल तरच.’ कोरफडीवर वेगळी: ‘मला नको.’

सहावी कुंडी कधी

तीन महिन्यांनी वही उघडा आणि शेवटच्या तीस दिवसांत किती दिवस फेरी झाली ते मोजा. पंचवीस किंवा जास्त भरले आणि घड्याळ वाजायच्या आधीच काम आटपत असेल, तर सहावी आणा, एकच, आणि महिनाभर थांबून पुन्हा मोजा. वीस ते चोवीस भरले तर पाचच ठेवा. वीसपेक्षा कमी भरले तर टोमॅटोची कुंडी रिकामी करून तिच्यात आणखी एक पुदिना लावा.